न तपासलेले हृदय

शाळेचे नवे वर्ष उजाडले की कितीतरी घरांतून एक चिठ्ठी निघते: ‘पाल्यास दमा असल्याने खेळाच्या तासातून सूट मिळावी.’ वाचकहो, तुमच्याही घरातून ती कधी निघाली असेल. या घरातून ती पाच वर्षे निघत होती, आणि इतकी देखणी चिठ्ठी शाळेने दुसरी पाहिली नव्हती. कारण मुलीचे वडील पेशाने अर्जनवीस होते. कचेरीच्या फाटकाशी टेबल मांडून ते लोकांची गाऱ्हाणी कागदावर उतरवत. कोणत्या शब्दाने साहेब विरघळतो, हे त्यांना नेमके ठाऊक होते.

पहिल्या वर्षी खेळाचे शिक्षक अडून बसले, तेव्हा त्यांनी एक वाक्य वाढवले: ‘तिचे हृदयही अशक्त आहे.’ अर्जाला वजन आले, सूट मिळाली. पुढे दरवर्षी ते वाक्य उतरवले गेले आणि हळूहळू खरे होऊन घरात राहू लागले. आई मुलीला पाण्याची बादली उचलू देईना. मैत्रिणी तिला ‘काचेची बाई’ म्हणू लागल्या.

यंदा ती सोळाची झाली. दोन जिने चढताच तिची छाती धडधडू लागली, आणि वडिलांचाच धीर सुटला. आपण लिहिले ते खरे तर झाले नाही ना!

तपासणीच्या खोलीत पडद्यावर करड्या सावल्यांत तिचे हृदय उघडमीट करत होते. मुलगी त्याच्याकडे टक लावून पाहत होती.

“हृदय ठणठणीत आहे,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “अशक्त आहे असं कोणत्या डॉक्टरांनी सांगितलं?”

“डॉक्टरांनी नाही,” मुलगी म्हणाली. “बाबांनी लिहिलंय.”



“अहो, अर्जात तसं लिहावं लागतं,” वडील पुटपुटले. “नाहीतर कोण ऐकतं?”

“हिनं ऐकलं ना! दमा श्वासनलिकांचा, आणि तो औषधानं आटोक्यात आहे. पण पाच वर्षं बसवून ठेवलेल्या हृदयाला जिना जड जाणारच. एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं सावकाश चालायचं, पुन्हा एक मिनिट. आधी दम्याचा पंप घ्यायचा आणि तो खिशात ठेवायचा. सुरुवात इथं, माझ्यासमोर, मग मैदानावर. सरावानं हृदय एकेका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला लागतं.”

“आणि पळताना काही झालं तर?”

“थांबेल ती. तिला श्वास कळतो. तुम्हाला नुसता अर्ज कळतो.”

परतताना मुलगी चार पावले पुढे चालत होती. मागे न वळताच ती म्हणाली, “खेळाच्या तासाला सगळ्या पळायच्या, आणि मी वर्गात बसून नाडी मोजायचे. ठोका चुकतोय का म्हणून.”

“मग बोलली का नाहीस गं?”

“काय बोलणार? तुमचं अक्षर इतकं सुंदर आहे, बाबा. खोटं वाटलंच नाही.”

वडील रस्त्यातच थबकले. जन्मभर परक्यांसाठी न्याय मागणाऱ्या या माणसाने पोटच्या पोरीला शिक्षा लिहून दिली होती! आणि तीही सुवाच्य अक्षरात!

दुसऱ्या दिवशी वडील कागद न घेता शाळेत, खेळाच्या शिक्षकांकडे गेले. “ते वाक्य खोटं होतं, सर.”

“म्हणजे पाच वर्षं मी तुमच्या शुद्धलेखनाला घाबरत होतो!” शिक्षक हसले, पण ते हसू टिकले नाही. “डॉक्टरांचा दाखला मीही मागितला नाही हो. एक पोर कमी, तेवढीच कटकट कमी.”

आता डॉक्टरांच्या परवानगीने ती मैदानावर पळण्या-चालण्याच्या आठ फेऱ्या पूर्ण करते. दोन जिने सहज चढते. वडील कुंपणाशी उभे असतात. पण धाप लागली की ती त्यांच्याकडे पाहत नाही, शिक्षकांकडे पाहते.

बंधुभगिनींनो, मुलांचा दमा लपवू नका, फुगवूनही सांगू नका. औषध चालू ठेवा, डॉक्टरांना विचारा, आणि त्यांनी हो म्हटले की मुलांना पळू द्या. आपल्या भीतीला त्यांच्या आजाराचे नाव देऊ नका! सरावाने हृदय काही महिन्यांत सावरते. मुलांचा आपल्यावरचा विश्वास सावरायला किती काळ लागतो, ते कुंपणाशी उभ्या असलेल्या त्या बापाला अजून कळलेले नाही.