बागेतल्या घोड्याला भंडारा

भागूबाईंनी चपला काढल्या, कनवटीची पुडी सोडली आणि बसलेल्या घोड्याच्या खुराला चिमूटभर भंडारा लावला. "येळकोट येळकोट," एवढंच पुटपुटल्या. माहेरी-सासरी दोन्हीकडं खंडोबा. घोडा दिसला की त्याच्या पायाला हळद लागलीच पाहिजे, मग तो नवरदेवाचा असो की टांग्याचा. हा सिमेंटचा आहे, हे त्यांच्या हाताला कोण सांगणार?

मग त्या समोरच्या बाकावर ऐसपैस बसल्या. फुलंब्रीहून शहरात मुलाकडं राहायला येऊन वर्ष झालं होतं. मुलगा गुणाचा, सून त्याहून गुणाची, नातवंडांचं तर विचारूच नका. पण उठल्यापासून झोपेपर्यंत 'आई, डबा कुठंय', 'आजी, गोष्ट सांग'. आज सगळी लग्नाला गेली होती आणि भागूबाईंनी गुडघ्याचं निमित्त काढलं होतं. गुडघा ठणठणीत होता. तासभर कुणी हाक मारू नये, एवढीच हौस. बागेत ओळीनं घोडे होते, कुणी उधळलेला, कुणी मान खाली घातलेला, आणि एकही बोलत नव्हता. भागूबाईंना स्वर्ग दोन बोटं उरला.

इतक्यात फिरायला आलेल्या एका बाईचं लक्ष त्या पिवळ्या खुराकडं गेलं. तिनं चपला काढून नमस्कार केला. मागच्या जोडप्यानंही केला. कुणीतरी जास्वंदीचं फूल वाहिलं. बागेतलंच, 'फुले तोडू नयेत' या पाटीखालचं. बघता बघता रांग लागली.

एक ठेंगणी बाई बाकावर येऊन टेकली. नाव द्वारकाबाई, गाव करमाड, हे तिनं न विचारताच सांगून टाकलं.

"मावशी, हे ठाणं कधीपासूनचं हाय?"

"आत्ताचं."

"आत्ताचं कसं? नवसाला पावतो म्हणं."

"अगं, मीच लावला भंडारा. सवयीनं."

"मग तुमच्या अंगात येतं का?"

भागूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

शिट्टी फुंकत रखवालदार पुंजाराम आला, तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला. पण पठ्ठ्यानं रांग पाहिली, खूर पाहिला, टोपी काढली आणि हातच जोडले. वर म्हणाला, "दर रविवारी आरती करू. मावशी, मान तुमचा. तुम्ही पुढं राहा."

दर रविवारी! भागूबाईंचं डोकंच फिरलं. घरात माणसं, आता इथंही माणसं, आणि वर हा मान! त्या तरातरा उठल्या, रांगेतून वाट काढत पुढं गेल्या. फूल उचलून बाजूला ठेवलं. खुरावरचा भंडारा बोटानं पुसून स्वतःच्या कपाळी लावला, काष्टा सावरला आणि सरळ घोड्याच्या पाठीवर बसल्या.

"अगं बाई!" रांगेतून आवाज आला.

"देवाच्या घोड्यावर बसल्या की हो!" पुंजाराम ओरडला.

"देवाचा नाय, बागेचा हाय," भागूबाई म्हणाल्या. "देवाचा असता तर मी बसले असते का? जा आता. फिरा तुमचं तुमचं."

लोक कुजबुजले, चपला घालून पांगले. पुंजारामनं शिट्टी तोंडाशी नेली, भागूबाईंचा चेहरा पाहिला आणि शिट्टी खिशात टाकली.

आता उतरावं, असं भागूबाईंनी ठरवलं खरं. पण सिमेंट उन्हानं कोमट झालं होतं, हात आपोआप आयाळीवर गेला होता. साठ वर्षांत किती घोड्यांच्या पायांना हळद लावली. पाठीवर बस, असं कुणी एकदाही म्हणालं नव्हतं. त्यांना एकदम हसू फुटलं. लई झ्याक वाटत होतं.

द्वारकाबाई तेवढी गेली नव्हती. चपला हातात धरून घोटाळत होती.

"मावशी, मी बसू का मागं?"

भागूबाईंनी तिच्याकडं बघितलं. मग थोडं पुढं सरकल्या.

"बस. पण बोलायचं नाय."