शेपूट लावून घेतलेलं नाव

"नाव कसं घेतलं त्यानं? नुसतं आडनाव, की शेपूट लावून?" लझहरने विचारलं.

एमनाने फोन खाली ठेवला. "शेपूट लावून, काका. महामहिम राष्ट्राध्यक्ष सिदी हम्मादी एल-वाफी, राष्ट्राचे रक्षक. वर आणखी ‘देव त्यांना उदंड आयुष्य देवो’!"

"मग दे कोपऱ्यात टिंब."

एमनाने फॉर्मच्या कोपऱ्यात पेन्सिलीने टिंब दिलं आणि पुढचा नंबर फिरवला.

स्फाक्स शहरातल्या त्या कचेरीत लझहरची चोवीस वर्षं गेली होती. निवडणुकीआधी लोकांना फोन करायचे, मत कुणाला देणार ते विचारायचं आणि आलेल्या उत्तरांचा अर्थ लावायचा. शितावरून भाताची परीक्षा करायचा धंदा. पण शीतच घाबरलेलं असेल तर? इथेच लझहरची अक्कल चालायची. ज्याला मनापासून वाफीला मत द्यायचं असतं तो म्हणतो, "वाफीलाच की! दुसरा आहे कोण?" आणि वर तेल किती महागलंय म्हणून दोन शिव्याही घालतो. शेपूट लावतो तो भ्यालेला. अशा टिंबवाल्यांतले निम्मे पेटीपाशी गेल्यावर फिरतात, हे लझहरने तीन निवडणुकांत ताडून पाहिलं होतं. त्याचा अंदाज एका टक्क्यानेही हलला नव्हता.

हे गुपित त्याने कधी कागदावर आणलं नव्हतं. आकडे पाकिटात घालून वर जायचे, संपलं. पण यंदा निवृत्तीला चार महिने उरले होते आणि आपली विद्या कुणीतरी एकदा पाहावी असं त्याला वाटलं. म्हणून अहवालाच्या तळाला त्याने सहा ओळींची टीप लिहिली. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

अहवाल वर गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी अडीचला, कचेरीचे संचालक सी नूरी, म्हणजे आपले नूरीसाहेब, त्याच्या टेबलाशी आले. चेहरा पिठासारखा.

"लझहर, तुझी टीप वर वाचली त्यांनी."

"आवडली?"

"आवडली! चार वाजता वरून माणूस येतोय. टिंबवाल्यांचे नंबर पाहिजेत त्याला."

"नंबर कशाला?"

"मला काय विचारतोस? तूच शहाणा ना, तूच लाव अर्थ!"

तीनशे बारा टिंबं. तीनशे बारा घरं. कडेवरचं पोर रडत असताना शेपूट घाईघाईने म्हणून टाकणारी ती बाई. आपलं म्हणणं नीट ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा एकदा म्हणणारा तो शाळेचा म्हातारा पहारेकरी. या लोकांनी भीतीपोटी खोटं सांगितलं होतं आणि लझहरने त्या खोट्यावर खूण करून ठेवली होती! अरे देवा, काय करून बसलो मी?

प्रत्येक फॉर्मच्या तळाला फोन नंबराची, फॉर्मचाच क्रमांक टाकलेली पट्टी असे. ती फाडून वेगळी ठेवायची, शंभरातल्या दहा जणांना पुन्हा फोन करून पडताळा घ्यायचा आणि मग पट्ट्या नष्ट करायच्या, असा नियम होता. पट्टी गेली की ते उत्तर कुणाचं, हे देवालाही कळू नये. यंदाचा पडताळा अजून व्हायचा होता. बाराशे पट्ट्या लझहरच्या खणात पडून होत्या.

टिंबाच्या तेवढ्याच काढल्या तर संशय येईल. त्याने सगळ्याच काढल्या. घाईत एक गठ्ठा खाली सांडला. समोर एमना बसली होती. तिने पाहिलं. तिने फोन कानाला लावला आणि कुणीच नसलेल्या फोनवर मोठमोठ्याने प्रश्न विचारायला लागली. लझहरने गुडघ्यांवर बसून पट्ट्या वेचल्या, डब्याच्या पिशवीत कोंबल्या आणि वर ट्यूना मासा आणि हरिसा, म्हणजे लाल मिरचीचा ठेचा, भरलेली अर्धी पाव-लादी ठेवली.

माणूस चारला पाच कमी असताना आला. चाळिशीचा, नीट भांग पाडलेला, बोलायला अगदी गोड. अशा गोड माणसांचीच लझहरला जास्त धास्ती वाटे.

"वा, सी लझहर! इतकं बारीक काम आम्ही उभ्या जन्मात पाहिलं नाही. पट्ट्या तेवढ्या द्या, की निघालो."

"नष्ट केल्या, साहेब. नियम आहे."

"इतक्यात? पडताळा झाला?" त्याने नूरींकडे पाहिलं.

नूरींना खरं ठाऊक होतं. पाण्यात राहून माशाशी वैर कोण घेणार? तरी फरशीकडे बघत, खोकल्यासारखं "झाला" म्हणाले.

माणसाने खण ओढला. खोडरबर, डोकेदुखीच्या गोळ्या, पेन्सिलीचं थोटूक. मग त्याचा बूट पिशवीला लागला.

"यात काय?"

"जेवण. उरलेलं."

माणूस वाकला. हरिशाचा वास नाकात गेला तसा चेहरा वाकडा करून सरळ झाला. पण तेवढ्यावर भागणार नाही, हे लझहरला कळत होतं. पट्ट्या गेल्या तरी ही माणसं पुन्हा फोन लावतील, पुन्हा टिंबं देतील. ती टीपच मेली पाहिजे.

"साहेब, त्या टिपेत काही दम नाही," तो म्हणाला. "वय झालं, डोकं चालत नाही. लोक आदरानं पूर्ण नाव घेतात. मी उगाच नसता अर्थ काढला."

"म्हणजे ती तीनशे बारा मतं खरी?"

"सगळी खरी."

"तसं लिहून द्या."

लझहरने टिपेवर काट मारली. वाफीच्या सत्तेचाळीस टक्क्यांच्या जागी साठ लिहिलं आणि खाली सही केली. चोवीस वर्षांत त्याने जाणूनबुजून खोटा आकडा कधी लिहिला नव्हता. डोळ्यांत पाणी आलं, ते त्याने चष्मा पुसायच्या निमित्ताने टिपलं.

माणसाने कागदाची घडी घालायला घेतली आणि थांबला. "बरं, तुम्ही स्वतः कुणाला देणार?"

लझहरच्या नकळत त्याचं तोंड उघडलं. "महामहिम राष्ट्राध्यक्ष सिदी हम्मादी एल-वाफी, राष्ट्राचे रक्षक. देव त्यांना उदंड आयुष्य देवो."

माणूस हसला. खणातलं पेन्सिलीचं थोटूक त्याने उचललं आणि लझहरच्या सहीच्या कागदावर, कोपऱ्यात, एक टिंब दिलं.

"उद्यापासून विश्रांती घ्या," तो म्हणाला.

घरी बायकोने, साल्हाने, पिशवी पाहिली आणि कपडे भिजवायची परात पुढे ओढली. दोघं स्वयंपाकघरात समोरासमोर बसली. साल्हा पाण्यात पट्ट्या कणकेसारख्या मळत होती, शाई सुटून पाणी निळं होत होतं. लझहरने तिला सगळं सांगितलं, टिंबाचंही.

"येतील का हो ते?" तिने विचारलं.

"ठाऊक नाही."

तिने लगदा पिळला. मग म्हणाली, "चोवीस वर्षं सगळ्या गावाला विचारत बसलात. खरं सांगा, तुमचं मत कुणाला?"

लझहरची नजर आधी खिडकीकडे गेली, मग भिंतीकडे, भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांकडे. त्याचे ओठ हलले आणि साल्हाला ऐकू आलं, "महामहिम..."

तिने ओल्या हाताने त्याचं तोंड धरलं. उठली, नळ पूर्ण सोडला आणि धो धो पाण्याच्या आवाजात कान त्याच्या तोंडाशी नेला.

लझहरने एक आडनाव सांगितलं. नुसतं आडनाव.