हळदीच्या दिवशी गेलेला आवाज

परसरामने रिमोटवरचं आवाजाचं बटण दाबून धरलं. पडद्यावरचा आकडा शंभरावर गेला, पण आवाज आला नाही. टीव्हीवरच्या व्हिडिओत मनकर्णाबाई पाट्यावर हळद वाटत होती. तिचे ओठ हलत होते, बांगड्या हलत होत्या. सगळं मुकं.

"काल संध्याकाळी तं येत होता," तो म्हणाला.

मनकर्णाबाईला, त्याच्या बायकोला, जाऊन वर्ष झालं होतं. भाचीच्या लग्नातला हा व्हिडिओ परसरामनेच काढला होता. तो फोन पुढे गावच्या बोडीत, त्या लहान तळ्यात, पडला. त्याआधी भाचा कैलाशने व्हिडिओ टीव्हीला इंटरनेट जोडणाऱ्या स्टिकमध्ये भरून दिला होता, म्हणून तेवढा वाचला. आज मुलीला, रुचिकाला, हळद लागायची होती. आईचं गाणं टीव्हीवर लागेल तेव्हाच पाटावर बसेन, असं तिने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. आता ती भिंतीला टेकून बसली होती.

कैलाशने स्टिक काढून टीव्हीच्या दुसऱ्या खाचेत लावली. टीव्ही बंद करून चालू केला. दुसराच कुठला व्हिडिओ लावून पाहिला, तर त्याचा आवाज घरभर घुमला.

"टीव्ही चांगला आहे, मामाजी. रातच्याले स्टिक आपोआप अपडेट झाली, त्याचंच काही तरी आहे. रिसेट मारू का?"

"मारलं तं येईल आवाज?"

"येईल बी. पण आतलं सगळं पुसल्या जाते."

परसराम उठून टीव्हीपुढे आडवा उभा राहिला.

"हात नको लावू."

"जिजाजी," मनकर्णाबाईची धाकटी बहीण चंदा म्हणाली, "रोज लावून बसत होते ना? तं तुम्हीच म्हणा आता गाणं!"

हळदीला जमलेल्या बाया हसल्या.

"मी शब्द कुठं ऐकत होतो," परसराम म्हणाला.

चंदाचं हसू थांबलं. ती सरकत टीव्हीपुढे आली.

"मागं घे रे, कैलाश. अजून मागं."

हे दोघी बहिणींच्या आईचं, पोवारी बोलीतलं गाणं. चंदाला निम्मंच येत होतं. बहिणीच्या तोंडाकडे पाहत ती पुटपुटू लागली. एका ओळीवर अडली.

"इथं काय म्हणून राहिली ताई?"

मागून शेजारच्या म्हाताऱ्या रुख्मिणीने शब्द पुरवला. पुन्हा मागे घेतलं, पुन्हा म्हटलं. तीन-चार खेपांनी गाणं शेवटपर्यंत गेलं. तेव्हा रुचिका डोळे पुसत उठली आणि मांडवात पाटावर जाऊन बसली. बाया गात गात तिच्यामागे निघाल्या.

"झालं ना काम, मामाजी!" कैलाशने कपाळावरचा घाम पुसला. "चला, तिकडं बलावून राहिले."

"तू हो पुढं."

खोली रिकामी झाली. मांडवातून चंदाचा आवाज येत होता. परसरामने खिडकी लावून घेतली. व्हिडिओ पहिल्यापासून लावला आणि टीव्हीला कान टेकवला. आत नुसती घरघर ऐकू येत होती.

बाहेरून हळदीसाठी बापाला दोनदा हाक आली. त्याने ओ दिली, पण तो जागचा हलला नाही.

मनकर्णाबाईचा आवाज आणायचा राहिलाच होता.