वेलचीच्या नावाखाली

बोलणारा मी, रायपूरच्या बुढापारा मोहल्ल्यातल्या मंदाकिनीबाईंच्या ओट्यावरचा लोखंडी खलबत्ता. खरं तर आम्ही दोघं आहोत, खल वेगळा आणि बत्ता वेगळा. पण पाप जोडीनं केलं, तेव्हा कबुलीही एकाच आवाजात द्यावी म्हणतो. लोखंडाला कसली आलीय लाज, असं तुम्ही म्हणाल. मीही तसंच म्हणत होतो.

माझा जन्म नागपूरचा, एका ओतकामाच्या भट्टीतला. मंदाकिनीबाईंच्या आईनं इतवारीत दुकानदारासमोर मला उचलून वजन पाहिलं, बत्त्याचा एक टोला हाणून आवाज ऐकला, आणि लेकीच्या रुखवतात ठेवलं. त्या आवाजाचा मला भारी तोरा होता. रायपूरला आल्यावर सकाळी माझी ठणठण सुरू झाली की शेजारीण खिडकीतून विचारायची, "भाभी, आज क्या बन रहा है?" सुंठ, जायफळ, तीळ, दाण्याचं कूट, काय काय केलं! यशवंतराव, म्हणजे बाईंचे यजमान, रेल्वेच्या ऑफिसात होते. त्यांचे दात गेल्यावर त्यांचा विडासुद्धा मीच चावून द्यायचो. ते वारले तेव्हा महिनाभर माझ्यात कुणी वेलचीचा दाणा टाकला नाही.

घरात मग दोघंच उरली. मंदाकिनीबाई आणि त्यांचा मुलगा सौमित्र.

सौमित्र नव्या रायपुरात एका ऑफिसात नकाशे काढायचा. सव्विसाव्या वर्षी त्याला भिंतीतून माणसं बोलताना ऐकू येऊ लागली. ती माणसं त्याचं नाव घेत, त्याला हसत. एकदा त्यांना शोधायला त्यानं घराची भिंत फोडायला घेतली. चौघांनी धरून त्याला गाडीत घातलं आणि दवाखान्यात नेलं, तेव्हा अख्खा पारा, म्हणजे सगळा मोहल्ला, दारात उभा राहून बघत होता. ते बघणं बाईंच्या जिव्हारी लागलं. आजाराचं दुःख होतंच, पण त्या बघणाऱ्या डोळ्यांचं भय त्याहून मोठं होऊन बसलं. पुढे कुणी विचारलं की त्या म्हणायच्या, "सौमित्र घरूनच काम करते आता, कम्प्युटरवर." झाकली मूठ सव्वा लाखाची.

दर पंधरा दिवसांनी शर्मिष्ठा यायची. ती नर्स. दवाखान्यातून सुटलेल्या माणसांची घरी जाऊन विचारपूस करणं हे तिचं काम. कुणी दारू सोडलेला, कुणी अंथरुणाला खिळलेला, कुणी सौमित्रसारखा. स्कूटी ती गल्लीच्या तोंडाशी, किराणा दुकानाजवळ लावायची, कारण बाईंनी तशी विनवणी केली होती. चटईवर बसून ती रक्तदाब मोजायची, झोपेचं विचारायची, गोळ्यांचं विचारायची.

आणि गोळ्यांपाशीच सगळं घोडं अडलं होतं. सौमित्रनं त्या घेणं बंद केलं होतं. "मले जड वाटते, आई. डोक्यात ओली माती भरल्यासारखं." बाईंना पुन्हा ती गाडी दिसू लागली, ते चौघं दिसू लागले. त्यांनी शर्मिष्ठाला सांगायला हवं होतं. पण त्यांनी सांगितलं, "घेते ना, आपल्या हातानं घेते."

त्या संध्याकाळी त्यांनी दोन गोळ्या माझ्यात टाकल्या.

माझ्याखाली जुन्या लुगड्याची घडी ठेवली, आवाज होऊ नये म्हणून. वर नळ सोडला. चाळीस वर्षं ज्या आवाजावर मी मिरवलो, तो त्यांनी दाबला आणि मी दाबून घेतला. गोळ्यांची पांढरी पूड झाली, ती वरणात गेली. आतल्या खोलीतून हाक आली, "काय कुटून राहिली आई?"

"वेलची."

"वास तं येऊन नाही राहिला."

मला वाटलं, आत्ता फुटावं आणि दोन तुकडे होऊन पडावं. पण लोखंड असं सांगून फुटत नाही.

चार दिवसांत सौमित्र ताटावरून उठू लागला. वरण कडू लागतं म्हणाला. भाजी कडू लागते म्हणाला. बाई म्हणायच्या, "मेथी आहे, कडू राहीलच." पुढच्या खेपेला त्यानं शर्मिष्ठाला सरळ सांगितलं, "दीदी, माझ्या जेवणात काहीतरी टाकून राहिले हे लोक."

शर्मिष्ठानं बाईंकडे पाहिलं. बाईंनी पदरानं डोळे पुसले आणि मान हलवली, जणू म्हणत होत्या, बघ, हे असं आहे. शर्मिष्ठानं वहीत लिहिलं: गोळ्या नियमित घेतो, तरी संशय वाढला आहे. डॉक्टरांनी ते वाचलं आणि रोजच्या दोनाच्या चार गोळ्या केल्या.

पोरगं खरं बोललं, आणि खरं बोलल्याची शिक्षा म्हणून मला दुप्पट कुटावं लागलं. मी ओट्यावर बसून सगळं ऐकत होतो. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ती माझ्या डोळ्यांदेखत दिली गेली, आणि चोरात मीही होतो.

दोन महिन्यांत सौमित्र वाळला. हात थरथरायला लागले. सालासकट केळं, टरफलाच्या शेंगा, स्वतः फोडलेला बिस्किटाचा पुडा, बहुतेक दिवस एवढंच तो खायचा. आईच्या हातचं पाणीसुद्धा नको म्हणायचा. एकदा तर सलग तीन दिवस पोटात गोळी गेली नाही, आणि बाईंच्या डोळ्याला डोळा लागेना.

चौथ्या दिवशी यशवंतरावांची तिथी होती. तांदळाची खीर शिजली. त्या दिवशी माझ्यात खरीच वेलची पडली. किती दिवसांनी! घरभर वास सुटला, मी सुखावलो. आणि त्याच पाठोपाठ, तोच खल न धुता, तीन दिवसांच्या बारा गोळ्या पडल्या. वेलचीच्या वासाखाली मी त्या कुटल्या.

सौमित्र येऊन पाटावर बसला. खिरीच्या वाटीकडे बघत म्हणाला, "बाबांच्या ताटातली आहे ना? यात तं नाही ना काही?"

"बाबांच्या ताटात टाकीन का मी?" बाई म्हणाल्या.

त्यानं दोन वाट्या खीर खाल्ली. पोटभर, खाली मान घालून, लहान असताना खायचा तसा. साखर जास्त पडली होती, कडू लागली नसावी. की लागली आणि बाबांसाठी त्यानं गिळली, कोण जाणे. तो खात असताना मी त्याच्याकडे पाहू शकलो नाही.

दुपारी तो मोरीपाशी कोसळला. मान एका बाजूला पिळलेली, जबडा घट्ट, लाळ गळतेय, डोळे वर. बाईंनी शर्मिष्ठाला फोन लावला. ती अभनपूरच्या रस्त्यावर एका घरी होती. "आधी ॲम्ब्युलन्स बोलवा काकू, मी निघाले," ती म्हणाली. बाईंनी ॲम्ब्युलन्स बोलावली नाही. शेजारीणही बोलावली नाही. अर्धा तास त्या मुलाचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या, दार आतून लावून. हे सांगताना मला त्यांची लाज वाटत नाही. त्या भेदरल्या होत्या. पण असं भय माणसाला लावणाऱ्या आपल्या सगळ्यांची वाटते.

शर्मिष्ठा आली, तिनं स्वतः गाडी बोलावली. सौमित्रला कुशीवर वळवलं आणि विचारलं, "काकू, किती गोळ्या गेल्या?"

"लिहिल्या तेवढ्याच."

"काकू, तिथं डॉक्टर मले विचारतीन. त्याच्यावरून इंजेक्शन ठरते. मी काय सांगू?"

बाहेर गाडीचा भोंगा वाजला. पारा दारात जमू लागला. बाई उठल्या, स्वयंपाकघरात आल्या, आणि दोन्ही हातांनी मला उचलून शर्मिष्ठापुढे ठेवलं. माझ्या तळाशी वेलचीची सालं होती, आणि पांढरी पूड.

"किती?"

"बारा."

शर्मिष्ठा रागावली नाही. तिचा चेहरा मात्र पडला. "म्हणजे दोन महिने हा खरं बोलून राहिला होता," ती म्हणाली. "आणि मी ते आजार म्हणून लिहिलं."

बारा हा आकडा वेळेवर पोचला म्हणून सौमित्र वाचला. पाचव्या दिवशी घरी आला. शर्मिष्ठा सोबत होती, आणि या वेळी स्कूटी तिनं थेट दारात लावली. स्वयंपाकघरात येऊन ती हळूच बाईंना म्हणाली, "आता त्याले सांगा."

"कसं सांगू वो? मग तो माझ्या हातचं कधीच खाणार नाही."

"नाही खाणार कदाचित. पण तुम्ही नाही सांगितलं, तर तो सोताले येडा समजून मरेल."

बाईंनी सांगितलं. त्याच्या डोळ्यांत न बघता, पण सगळं सांगितलं. खिरीचंही. मग सौमित्र शर्मिष्ठाला म्हणाला, "आणि भिंतीतले लोक?"

"ते आजारातले. हे मात्र खरं होतं. दोन्ही येगळं आहे, भैया."

तेव्हा तो रडला. "मले वाटलं, माझी जीभ पण येडी झाली," एवढंच बोलला.

आता गोळ्या कमी झाल्या आहेत. रोज एक गोळी आई त्याच्या तळहातावर ठेवते, अख्खी. कधी घेतो, कधी नको म्हणतो, आणि नको म्हटलेलंही शर्मिष्ठा वहीत जसंच्या तसं लिहिते. स्वयंपाक तो स्वतःचा स्वतः करतो. बाईंनी मला चिंच आणि राखेनं सात वेळा घासलं, पण माझ्यात काही कुटायला त्यांचा हात धजत नाही. मी ओट्याखाली पिंपामागे असतो, आणि ते बरंच आहे.

परवा त्यानं खिचडी केली. पहिल्यांदाच दोन ताटं मांडली. बाई ताटासमोर बसल्या, पण त्यांचा हात काही उचलेना. डोळे भरून आले होते. त्याला वाटलं, आई घाबरली. त्यानं तिच्या ताटातला एक घास उचलला, स्वतःच्या तोंडात घातला, चावून गिळला आणि म्हणाला, "काही नाही टाकलं, आई. खा."

एवढं साधं होतं ते. दोन महिने तो कडू कडू म्हणून ओरडत होता, आणि त्याच्या ताटातला एक घास कुणी खाऊन पाहिला नव्हता. मला तर तोंडच नाही. तुम्हाला आहे. तुमच्या घरातला कुणी असं म्हणाला, तर त्याला वेडा ठरवण्याआधी तेवढा एक घास खाऊन बघा.