राजाची वेदी दारात

इजिप्तच्या नव्या ग्रीक राजाने अलेक्झांड्रियात बसून स्वतःला देव म्हणवून घेतलं, ते तेतोसिरिसच्या पथ्यावरच पडलं. मागे एक ग्रीक घोडेस्वार तिच्या घरात घुसवला होता. राजाचा हुकूमच तसा, अर्धं घर शिपायाला द्यायचं. त्या मेल्याने बघता बघता सगळंच घर बळकावलं आणि ही विधवा बाई पोरीला घेऊन अंगणात गाढवाशेजारी झोपली. तो लढाईत मेला तेव्हा हिने गल्लीभर बिअर वाटली. आता दामोन नावाचा दुसरा येणार होता, आणि पोरीचे, इसारूसचे, दिवस भरलेले. पुन्हा अंगणात? तेतोसिरिसच्या डोक्यात तिडीक गेली. तिने रस्त्याकडचं दार विटांनी बुजवलं आणि त्याला टेकूनच राजाची वेदी बांधली. देवाच्या वेदीला हात लावायची कुणाची छाती होती? घरात जायला शेजारच्या अंगणातून भिंतीला शिडी लावली, की झालं.

दामोन आला आणि बघतच राहिला.

“हे काय आहे, म्हातारे?”

“डोळे फुटले का? तुमच्याच राजाची वेदी आहे. पाया पड आणि चालता हो!”

गल्ली खो खो हसली. दामोनचा चेहरा लालबुंद झाला, पण वेदीकडे बघून त्याने तलवारीवरचा हात काढला. तेतोसिरिसने त्याच्या नाकावर टिच्चून वेदीवर एक कांदा वाहिला.

पण तो गेला कुठे? समोरच पथारी टाकून बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी तेतोसिरिस कालव्यावर पाण्याला गेली, तेवढ्यात त्याने चार शिपाई आणून शिडीचे तुकडे केले आणि शेजारच्या अंगणात पहारा बसवला.

“देवाच्या घरावर चढता? राजाच्या डोक्यावर पाय देता?” तो ओरडत होता. “यापुढे भिंतीवर कुणी दिसलं, तर थेट खाणीत मजुरीला!”

घागर घेऊन परतलेल्या तेतोसिरिसच्या तोंडचं पाणी पळालं. इसारूस आत एकटीच होती. आणि दुपारी आतून किंकाळी आली.

“आई! आई गं, ये ना!”

सुईण नेफोरिस धापा टाकत आली. तिने वेदीमागच्या विटांना कान लावला, आतल्या इसारूसला दोन-चार प्रश्न विचारले आणि तिचा चेहरा पडला.

“बाळ आडवं दिसतंय, बाई. मी आत गेले नाही तर दोघंही जातील.”

“जाऊ दे हिला आत, मुडद्या!” तेतोसिरिस दामोनवर धावली. “पोर मरेल माझी!”

“मी कुठे अडवलंय? दार तू बुजवलंस. फोड की.” तो मजेत हसला. “फक्त राजाच्या वेदीवर घाव घालणाऱ्याचं काय करतात, ते ठाऊक आहे ना?”

ते सगळ्या गल्लीला ठाऊक होतं: सरळ मुंडकं उडवतात. आतून पुन्हा किंकाळी आली, या वेळी बारीक.

तेतोसिरिसने शेजाऱ्याच्या हातातली कुदळ हिसकावली.

“देव म्हणे! बाळंतिणीच्या दारात बसणारा कसला रे देव? आग लागो तुझ्या राजाला!”

पहिल्याच घावात वेदीचा कोपरा उडाला. बायकांनी तोंडावर हात ठेवले. दामोन हाताची घडी घालून बघत राहिला, कारण त्याला हवं तेच होत होतं. मग मागच्या विटांत भगदाड पडलं, नेफोरिस कशीबशी आत घुसली, आणि मग शिपायांनी तेतोसिरिसचे हात मागे बांधले.

“चल,” दामोन म्हणाला.

“थांब. ऐकू दे.”

“चल म्हणतो ना!”

ती रस्त्यात फतकल मारून बसली. शिपायांनी दोर ओढला, लाथा घातल्या, पण ती काही उठली नाही. हात काळेनिळे पडले. बऱ्याच वेळाने आतून बाळाचं रडणं आलं आणि भगदाडातून नेफोरिसने डोकं काढलं.

“मुलगी! दोघी धडधाकट आहेत!” मग तिची नजर तेतोसिरिसच्या बांधलेल्या हातांवर गेली.

आतून इसारूसने विचारलं, “मावशी, आई कुठे आहे?”

तेतोसिरिस धडपडत उठली.

“इथेच आहे गं!” तिने ओरडून सांगितलं. “पाणी आणते तुला, पडून राहा.”

आणि ती दामोनच्या पुढे चालू लागली.