धुक्यावरचं विमान

नाओएचे वडील मरायला घरी येत होते. शहरातल्या डॉक्टरांनी हात टेकले होते. बेटावरच्या विमानतळावर सामान उतरवणारी नाओए धुक्यात ताटकळत होती. वडिलांचं विमान डोक्यावर आलं, त्याने दोन घिरट्या घातल्या.

"धुक्यात उतरायचं यंत्र मागितलं, तर साहेबांनी विमानतळाच्या दारात माशाचा पुतळा बसवला!" सोबतचा म्हातारा ओगाता करवादला. "आता म्हणावं त्या माशाला, उतरव माणसं!"

आवाज लांब जाऊ लागला. विमान माघारी फिरलं होतं.

निघालेल्या प्रत्येक विमानाला इथले कामगार हात हलवून निरोप देतात. नाओए धावपट्टीच्या कडेला जाऊन हात हलवू लागली.

"अगं पोरी, त्यांना दिसणार नाही."

"तीस वर्षं इथे उभं राहून बाबांनीच हात हलवलाय, काका. त्यांना ठाऊक आहे."

आवाज विरला तरी तिचा हात खाली आला नाही.