विहिरीवरचे तीन घाव

या, जरा जवळ सरका. पंख्याचा आवाज मोठा आहे आणि ही गोष्ट मला ओरडून सांगायची नाही. आमच्या बेल्टन फेरी गावात ती सगळ्यांना ठाऊक आहे, पण जो तो अर्धीच सांगतो, कारण अर्धी गोड आहे. मी तुम्हाला सगळी सांगणार. तिच्यात रक्त आहे, एवढं आधी सांगून ठेवते.

मी व्हर्नेल. गावाच्या पाणीखात्यात, नदीकाठच्या पंपघरात पाण्याचा दाब दाखवणाऱ्या काट्यांपुढे बसून मी चोवीस वर्षं काढली. काटा खाली आला की कोणत्या गल्लीतल्या नळाची धार बारीक झाली ते मला न विचारता कळतं. माझ्या खोलीला एक काचेची भिंत. काचेपलीकडे स्विचांची खोली, आणि तिच्या कोपऱ्यातून लोखंडी पायऱ्या खाली चाळण्यांच्या विहिरीत उतरतात.

चाळणी म्हणजे पीठ चाळायची नव्हे. पोलादी जाळ्यांची एक माळ, दोन मजली घराएवढी उंच, साखळीवर गरगर फिरणारी. नदी जे आणते, फांद्या, मेलेली डुकरं, कुणाच्या ओसरीतल्या खुर्च्या, ते ही दातांत धरून वर काढते, म्हणजे पंपांच्या पोटात काही जात नाही. अशा दोन चाळण्या. फांदी कुठली आणि माणूस कुठला हे त्यांना कळत नाही.

या यंत्रांची देखभाल डीकन एझेल टॉलिव्हर यांच्याकडे होती. आठ मिस्त्री त्यांच्या हाताखाली. रविवारी ते आमच्या चर्चमध्ये डीकन, म्हणजे मंडळींचे कारभारी, म्हणून पहिल्या बाकावर बसायचे. पास्टर प्रवचनात बोलता बोलता गायला लागले, ऑर्गन त्यांच्या शब्दाशब्दाला उत्तर देऊ लागला, की डीकनचा पाय जमिनीवर ठेका धरायचा. मी त्यांच्या मागच्याच बाकावर. गाऊन सांगितलेला देव मला लवकर समजतो, म्हणून त्या तासासाठी मी आठवडाभर जगते.

डीकनचा कामातला नियम एकच होता. प्रत्येक मिस्त्र्याचं आपलं लाल कुलूप, त्यावर त्याचं नाव आणि फोटो. यंत्रात हात घालण्याआधी ते यंत्राच्या स्विचच्या दांड्याला लावायचं, म्हणजे कुणाला दांडा वर ढकलून यंत्र सुरू करताच येऊ नये. किल्ली स्वतःच्या गळ्यात. दुसरी किल्ली नाही, डीकनकडेसुद्धा नाही. सकाळी आठही जण ओळीत उभे राहायचे आणि गळ्यातली किल्ली खुळखुळवून दाखवायचे.

"हीच मान मला संध्याकाळी परत हवी," डीकन म्हणायचे.

"मान न्या डीकन, पण हा फोटो बदला," लव्हॉन म्हणायचा. लव्हॉन स्टॅम्पली, आमचा सर्वांत चांगला मिस्त्री. "तुरुंगातून सुटल्यासारखा दिसतो मी."

"सुटल्यासारखा? पळाल्यासारखा!" असं डुविट गेन्स म्हणाला की सगळे हसायचे.

पण पोरांना एक खोड लागली होती. काम उद्यावर गेलं की कुलूप तसंच लटकत ठेवून घरी जायचं. उद्या पुन्हा लावायचंच आहे ना! डीकन रागवायचे, चिठ्ठ्या लिहायचे, तरी खोड जात नव्हती. त्यामुळे आमच्याकडे लटकतं कुलूप दिसलं की निम्म्या वेळा त्याचा अर्थ एवढाच असायचा की मालक घरी जेवायला बसला आहे.

तो ऑगस्टमधला गुरुवार होता. वरच्या अंगाला दोन दिवस वादळ झालं होतं आणि नदी पिसाळून आली होती. लव्हॉन सकाळपासून पहिल्या चाळणीच्या साखळीत पिना बदलत होता. बारा वाजता तो वर आला, सगळ्यांसमोर थंड झालेलं तळलेलं कोंबडं खाल्लं, आणि त्याची बायको येऊन त्याची गाडी घेऊन गेली. मुलीचा दात काढायचा होता. त्याचा फोन त्या गाडीतच राहिला. मग कुणाला न सांगता तो एकटाच परत खाली उतरला. दोन पिना राहिल्या होत्या. विहिरीच्या तोंडाशी माणूस उभा केल्याशिवाय उतरायचं नाही हे त्याला ठाऊक होतं. दोनच पिना, असं त्याला वाटलं असणार.

तर लव्हॉन आत होता. चाळणीच्या मागच्या अंगाला, साखळीत दोन्ही हात घालून. हे तुम्हाला कळलं आहे. वर आमच्यापैकी कुणालाच कळलेलं नव्हतं.

एक वाजून दहा मिनिटांनी नदीनं एक आख्खं झाड दुसऱ्या चाळणीवर फेकलं. इमारत हलली. जाळ्या कागदासारख्या चुरगळल्या, साखळी ताणली गेली आणि तुटली. तुटलेलं टोक कठड्यावरून चाबकासारखं फिरलं. कठडा कापला गेला आणि तिथे उभ्या असलेल्या रूफस पेटवेचा गाल कानापासून हनुवटीपर्यंत उघडला. तो ओरडलासुद्धा नाही. गालाचं मांस हातानं जागेवर धरून तो माझ्या काचेसमोर येऊन उभा राहिला आणि काचेवर त्याच्या रक्ताचा पंजा उमटला. दोघांनी त्याला उचलून गाडीत घातलं आणि दवाखान्याकडे पळवलं.

इकडे पंप घुसमटू लागले. पाणी मिळेना म्हणून आतून खडखड, जणू कुणी पोलादाच्या पिंपात दगड भरून हलवतंय. माझे काटे पडू लागले. आधी टेकडीवरची घरं, मग शाळा, मग डायलिसिसचा दवाखाना.

फोन त्या दवाखान्यातूनच आला. नर्स म्हणाली, "यंत्रं बंद पडत आहेत. अकरा माणसं खुर्चीत आहेत, त्यांचं रक्त नळ्यांमध्ये आहे. पाणी कधी?"

डुविट माझ्या दारातच होता. त्यानं ते ऐकलं. त्या अकरांमध्ये त्याची आई होती, मिस इरोला. चर्चच्या जेवणाला मी आणि ती एकाच कढईत मासे तळतो.

तो स्विचांच्या खोलीत धावला. आता पहिली चाळणी फिरली तरच पंपांना पाणी मिळणार होतं. पहिल्या चाळणीच्या दांड्यावर लाल कुलूप आणि लव्हॉनचा तो फोटो.

"घरी गेला हा! गाडी नाही त्याची अंगणात," डुविट ओरडला. "डीकन, तोडू का?"

डीकन हातात दोन फुटी पाइप पाना घेऊन दुसऱ्या चाळणीकडून येत होते. अंगावर रूफसचं रक्त. "त्याचा आवाज ऐकल्याशिवाय नाही."

त्यांनी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

डुविट विहिरीवर वाकून लव्हॉनच्या नावानं ओरडला. पंपांच्या खडखडाटात मला त्याचा आवाज काचेआडही नीट आला नाही, चाळीस फूट खाली काय जाणार! "बघा, कोणी नाही! डीकन, माझी आई तिथे अर्ध्या रक्तावर बसली आहे!"

"मी स्वतः उतरून बघतो. पाच मिनिटं लागतील."

"पाच मिनिटं! तुमची आई असती तर?"

"माझा भाऊ होता," डीकन म्हणाले.

 ही जुनी गोष्ट सगळ्यांना माहीत होती, पण डीकनच्या तोंडून ती कुणी ऐकली नव्हती. एकोणीस वर्षांपूर्वी त्यांनी याच दांड्यावरचं होशियाचं कुलूप तोडलं होतं. होशिया त्यांचा चुलतभाऊ. त्यालाही घरी गेला समजले होते. चाळणीनं त्याला वर आणलं ते तीन खेपांत.

"पाच मिनिटं दे," डीकन म्हणाले आणि पायऱ्यांकडे वळले.

डीकन तिसऱ्या पायरीवर पोचले तेव्हा भिंतीवरची लांब दांड्यांची कातर डुविटनं काढली होती. मी काचेवर दोन्ही मुठी आपटल्या. "डुविट! नको! अरे पोरा, नको!" त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या तोंडाकडे पाहवत नव्हतं, रडत होता तो. कडक आवाज झाला, कुलूप जमिनीवर पडलं आणि त्यानं एका हातानं दांडा वर ढकलला.

मला आधी जमिनीतून कळलं. चाळणी जागी होते तेव्हा तळपायाला कळतं.

एकसष्ट वर्षांचा माणूस तीन पायऱ्या एका उडीत कसा चढला ते मला आजही सांगता येणार नाही. पाना वरून आला आणि दांड्यावरच्या मनगटावर बसला. काचेआड मला हाड मोडल्याचा आवाज आला, खडखडाटावरून. डाव्या हातानं डीकननी दांडा खाली ओढला. चाळणी थांबली. हातभर फिरली असेल, जास्त नाही.

इथं गावातले लोक गोष्ट संपवतात.

कातर डुविटच्या दुसऱ्या हातातून पडली होती. तो मागे हटत होता. डीकननी पुन्हा पाना उचलला आणि त्याच्या कोपरावर घातला. हात ज्या बाजूला वळत नाही त्या बाजूला वळला. डुविट गुडघ्यांवर आला, चांगला हात डोक्यावर धरून म्हणाला, "डीकन, पुरे! डीकन!" तिसरा घाव त्या हातावर बसला, बोटांवर. भिंतीवर रक्ताची ओळ उडाली. डीकनचा चेहरा मी पाहिला. त्यात राग होता असं म्हणवत नाही. त्यात कुणी नव्हतंच.

मी दार ढकलून आत शिरले आणि त्या हाताला लटकले. माझं वजन दिसतंच आहे तुम्हाला. तरीही त्यांनी मला पावलभर फरफटत नेलं.

तेवढ्यात काटे शून्यावर येऊन पंप आपोआप बंद पडले. एकदम शांत झालं आणि त्या शांततेत विहिरीतून किंकाळी आली. लव्हॉनची. त्याआधी कितीदा ओरडला असेल देव जाणे.

डीकननी पाना टाकला. धावत खाली गेले. मी मागून. आणि माझ्या मागून, एक हात लोंबकळत आणि दुसऱ्याची बोटं फुटलेली, डुविट. "त्याला सांगा मी येतोय," एवढंच म्हणत होता.

चाळणीच्या दातानं लव्हॉनची मांडी गुडघ्यापासून वर फाडून तिथेच धरून ठेवली होती. अजून हातभर फिरली असती तर दातानं त्याला वरच्या तुळईखाली ओढलं असतं, आणि तिथे वीतभरच जागा आहे. डीकननी कमरेचा पट्टा काढून मांडीवर आवळला. त्याला दातातून सोडवायला वरून कुणीतरी भार घ्यायला हवा होता. डुविटनं खांदा लावला. हात नव्हतेच त्याला, तर खांदा लावला.

"कोण आहे रे?" लव्हॉननं डोळे मिटूनच विचारलं.

"मी, डुविट."

"माझं कुलूप कुणी काढलं?"

"मी," डुविट म्हणाला आणि खांदा काढला नाही.

लव्हॉन वाचला. लंगडतो, पण आपल्या पायांनी चालतो. मिस इरोलाला गाडीतून पुढच्या गावी नेलं, तीन तास उशीर झाला, तीही वाचली. रूफसच्या गालावर सत्तावीस टाके आहेत.

पुढच्या रविवारी चर्च तुडुंब भरलं. पास्टरनी राखणदारावर प्रवचन घेतलं. आधी सावकाश बोलले. मग आवाज चढला, शब्द लांबले, गाणं झालं. ऑर्गन मागोमाग. मंडळी उभी राहिली, हात वर, कुणी नाचतंय, कुणी रडतंय, आणि सगळ्यांच्या तोंडी एझेल टॉलिव्हरचं नाव. मीही हात वर करून तेच नाव घेत होते.

तेव्हा डीकन उठले आणि ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंना त्यांनी हातानं थांबवलं.

"पहिला घाव मी लव्हॉनसाठी घातला," ते म्हणाले. "त्याचा जाब देव विचारेल तेव्हा मी मान वर करून देईन. दुसरा घातला तेव्हा चाळणी थांबलेली होती. तिसरा घातला तेव्हा पोरगा गुडघ्यांवर होता आणि पुरे म्हणत होता. मी ऐकलं ते. ऐकून घातला. ते दोन कुणासाठीही नव्हते. तुम्ही त्यांच्यावर गाऊ नका."

 त्यांनी छातीवरची डीकनची पट्टी काढून बाकावर ठेवली आणि मधल्या वाटेनं बाहेर गेले. शेरीफपुढेही त्यांनी हेच लिहून दिलं. आता ते मागच्या बाकावर बसतात, ठेका धरत नाहीत.

आणि डुविट येतच नाही. उजवं मनगट वळत नाही, डाव्या हाताची तीन बोटं मिटत नाहीत. मिस्त्रीकाम कायमचं गेलं. त्याची आई त्याच्या शर्टाची बटणं लावते. आमच्याकडे दर रविवारी लव्हॉनसाठी प्रार्थना होते, एझेलसाठी होते, रूफसच्या गालासाठीही होते. कुलूप तोडणाऱ्याचं नाव घ्यायला जीभ वळत नाही कुणाची. तीन महिने माझीही वळली नाही, आणि मी तर त्याला पाळण्यापासून ओळखते.

म्हणून तुम्हाला मागते. तुम्ही ज्या कोणापुढे हात जोडत असाल, पुढच्या वेळी जोडाल तेव्हा त्या पोराची आठवण काढा. नाव डुविट गेन्स. आईचं नाव इरोला.